पहिल्या भागाची सर

पगारेभाऊंना दिसत नाही हे नाशकातल्या अंबडच्या आमच्या कंपनीत सगळ्यांना एकाच सकाळी कळलं. मला ते दहा महिने आधी कळलं होतं, डायनासोरच्या पिक्चरला, थंडगार थिएटरात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या बसल्या. तेव्हा मी कुणाला तरी सांगितलं असतं तर त्यांची निम्मी तरी नजर वाचली असती. हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही, नवऱ्याजवळही नाही. पण आधी भाऊ कसे होते ते सांगते. नुसता डोळे गेलेला माणूस म्हणून त्यांना कुणी ओळखावं हे मला सोसवणार नाही.

सुखदेव पगारे हे आमच्या इन्स्पेक्शन खात्यातले सगळ्यात जुने. कंपनी पंपांचे शाफ्ट बनवते. शॉपमध्ये तयार झालेला प्रत्येक जॉब आमच्या खोलीत यायचा, भाऊंच्या हाताखालून जायचा आणि मग त्याला टॅग लागायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्तीला परत, लाल म्हणजे थेट भंगारात. मी त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून त्यांनी सांगितलेले आकडे रिपोर्टात भरायची. अशी सोळा वर्षं गेली. ते मला वैशालीताई म्हणायचे, मी त्यांना भाऊ. अंगाने किडकिडीत, तोंडात कायम बडीशेप, आणि पायात आरशासारखे चकचकीत सेफ्टी शूज. बाहेरून ऑडिटला येणारे लोक आधी ते बूट बघायचे आणि मग रिपोर्ट, आणि निम्मं ऑडिट बुटांवरच पास होतं असं शॉपवाले म्हणायचे.

प्रत्येक जॉबचा एक बिनचूक नमुना आमच्याकडे लाकडी पेटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. त्याला मास्टर म्हणतात. भाऊंचा नियम असा, की आधी मास्टर, आकडे नंतर. डाव्या हातात मास्टर, उजव्या हातात नवा जॉब, दोन्ही खिडकीच्या उजेडात तिरके धरायचे आणि हळूहळू फिरवायचे. मायक्रोमीटर लावायच्या आतच त्यांना जे कळायचं ते कळलेलं असायचं.

"पहिल्याशी लावून बघा, ताई," ते म्हणायचे. "मशीन एखादवेळी खोटं बोलेल. पहिला बोलणार नाही."

हीच सवय त्यांनी सगळ्या जगाला लावली होती. कॅंटीनचा ठेकेदार बदलला तर नव्याच्या उसळीला जुन्याची चव नाही. प्लांटहेड बदलले तर नव्यांच्या रागाला जुन्यांच्या रागासारखी धार नाही. घोटीकडच्या कुणी नव्या तांदळाचा भात डब्यात आणला तर दोन घास खाऊन ते शांतपणे सांगायचे, की सातेक वर्षांपूर्वी तुझ्या वडिलांनी दिलेला तांदूळ याच्याहून सुवासिक होता. एकदा मी हौसेने डिंकाचे लाडू नेले. त्यांनी एक उजेडात धरून फिरवला, खाल्ला, आणि मागच्या हिवाळ्यातले जास्त खुसखुशीत होते म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर हिरवा टॅग आणून ठेवला, त्यावर लिहिलेलं: लाडू, फेरतपासणीत पास.

ही नजर त्यांना वडिलांकडून आली होती. त्यांचे वडील देवळ्याला कांद्याच्या खळ्यावर प्रतवारीचं काम करायचे. ढिगासमोर बसून नुसत्या नजरेने गोल्टी वेगळी, मध्यम वेगळा, मोठा वेगळा, हात न थांबवता. भाऊ आयटीआय करायला तिकडून नाशकात आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी डायनासोरचा तो पिक्चर पाहिला. पहिला भाग. हिंदीतला, शालिमार चौकाच्या पलीकडच्या गल्लीतल्या एका थिएटरात, जिथे आता कपड्यांचं दुकान आहे. अगदी पुढच्या रांगेत, मान वर करून. तो त्यांनी त्या आठवड्यात चारदा पाहिला आणि पुढे किती वेळा त्याचा त्यांनाही हिशेब नव्हता.

भाऊ पिक्चरची गोष्ट कधीच सांगायचे नाहीत. त्यात कोण मरतं, कोण वाचतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते कातडं सांगायचे. मानेखाली घड्या कशा होत्या, चालताना खांद्याची घडी आधी सुटायची आणि मग पोटाची, पापणी खालून वर कशी मिटायची. "माणसानं केलेली वस्तू आहे, ताई, आपल्याला माहीत आहे की खोटी आहे, आणि एक चूक सापडत नाही," असं ते म्हणायचे आणि त्यांचा आवाज बारीक व्हायचा. खेड्यातून आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कळलं की माणसाच्या हातून इतकं चोख काम होऊ शकतं. माझ्या मते त्यांची सगळी नोकरी त्या एका दुपारवर चालली होती. मी तो भाग टीव्हीवर पाहिला होता, कणीक मळता मळता, आणि मला तो बराच लांबलेला वाटला होता. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग एकेक पुढचे भाग येत गेले. प्रत्येक भागाला भाऊ पहिल्या आठवड्यात जायचे, आणि सोमवारी खोलीतल्या फळ्यावर तिकिटाचा अर्धा तुकडा आणि त्याला बांधलेला टॅग लटकलेला असायचा. शॉपमधले लोक चहाच्या सुट्टीत टॅगचा रंग बघायला यायचे. दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला लाल. नंतरच्या एकाला त्यांनी हिरवा लावता लावता पिवळा लावला, शेरा लिहिला, जनावर चांगलं पण वजन नाही, पाय जमिनीत रुतत नाहीत. हिरवा कुणालाच मिळाला नाही. पोरं त्यांना मागे डायनासोरभाऊ म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्यांची चेष्टा करणारे लोकही कामात मात्र त्यांच्या शब्दाला मान देत. त्याला कारण होता एक ट्रक. माल चढला होता, गेटपास झाला होता, आकडे सगळे बरोबर होते. भाऊ सहज ट्रकमागून चालले होते. वरच्या खोक्यातल्या एका शाफ्टवर उन्हाची तिरीप पडली आणि ते थांबले. म्हणाले, पृष्ठभाग बरोबर नाही, माल उतरवा. प्लांटहेड खाली आले, मशीनवर पुन्हा मोजून दाखवलं, आरडाओरडा केला. भाऊ ट्रकच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणत राहिले की एक कापून बघा. शेवटी वैतागून एक कापला. आत केसासारखी चीर होती. पुढचे चौदा कापले, चौदाच्या चौदांत होती. त्यानंतर भाऊंनी लाल टॅग लावला की कुणी का म्हणून विचारत नसे.

अशा माणसाची नजर जाते म्हणजे काय जातं, हे मी वेगळं सांगायला नको.

सुरुवात कधी झाली ते नक्की सांगता येत नाही. त्यांनी टेबल सरकवून खिडकीला चिकटवलं. स्कूटर बंद करून कंपनीच्या बसने येऊ लागले, व्यायाम होतो म्हणाले, बसने येण्यात कसला व्यायाम ते मी विचारलं नाही. दारातल्या ट्रॉलीला दोनदा धडकले आणि ट्रॉली तिथे ठेवणाऱ्याला रागावले. मग एक दिवस म्हणाले, ताई, तुम्ही जवळ बसता तर व्हर्नियरच्या रेघा तुम्हीच वाचत चला, मी जॉबकडे लक्ष देतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चाळिशीनंतर सगळ्यांचंच होतं.

तेवढ्यात डायनासोरचा नवा भाग आला. सगळीकडे त्याचीच चर्चा, तिकिटं मिळेनात. निखिल नावाचा आमचा तरुण इंजिनियर उत्साही, त्याने खात्यातल्या नऊ जणांची रविवार दुपारची तिकिटं काढली. थ्रीडी चष्मा लावून बघायचा खेळ होता. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वहिनी आणि मुलगी प्रज्ञा आल्या नव्हत्या, वहिनींना असल्या जनावरांची शिसारी. माझ्या डाव्या हाताला भाऊ, उजव्या हाताला निखिल.

पिक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच भाऊ उठले आणि चष्मा बदलून आणायला गेले. अंधारात माझ्या पायावर पाय देऊन गेले. दुसरा आणला, तोही खराब निघाला. मी माझा दिला. त्यांनी लावला, काढला, परत दिला, आणि हळूच म्हणाले की पडद्यामागचा दिवाच कमी केलाय यांनी, पैसे वाचवतात. मला पडदा चांगला लख्ख दिसत होता.

मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. दोन माणसं उंच गवतात उभी आहेत, आणि पडद्याच्या पार डाव्या टोकाकडून ते प्रचंड जनावर हळूहळू येतं आहे. त्या माणसांना दिसत नाही, आपल्याला दिसतं. बराच वेळ ते नुसतं येत राहतं. थिएटर आधी एकदम गप्प झालं, मग मागच्या रांगेतल्या बायका ओरडायला लागल्या, निखिलने माझा दंड धरला. मी भाऊंकडे बघितलं. ते निवांत पॉपकॉर्न खात समोर बघत होते, आणि लोक का ओरडतात ते न कळल्यासारखं थोडं हसत होते. ते जनावर चालत चालत पडद्याच्या बरोबर मध्यावर आलं, तेव्हा कुठे भाऊ एवढ्या जोरात दचकले की हातातला डबा खाली पडला. तोवर बाकी सगळ्यांचं ओरडून झालं होतं. त्या पिक्चरमधलं त्यापुढचं मला काही आठवत नाही, कारण पुढचा सगळा वेळ मी त्यांच्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर सगळे चहाला थांबले. सगळे खूश होते. भाऊंनी लाल टॅग जाहीर केला. पहिल्या भागाची सर नाही, म्हणाले. पहिल्यात जनावर कडेने यायचं. आधी पानं हलायची, मग नाकपुडी, मग डोळा, आणि तुम्ही खुर्चीत आवळून बसलेले. "यात ते येतच नाही. एकदम मधे उभंच असतं. यांनी कडाच काढल्या नाहीत. सगळीकडे नुसता अंधार आणि मधे चित्र."

निखिलला ते फार पटलं. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर करतात म्हणून काळोखात लपवतात, असं तो म्हणाला, आणि दोघं त्यावर अर्धा तास बोलत बसले. जुना भाग आणि नवा भाग, खरी बाहुली आणि कॉम्प्युटरची बाहुली. बाकीचेही त्यात पडले. मी नुसता चहा संपवला.

सोमवारी खोलीत कुणी नसताना मी त्यांना विचारलं. म्हटलं, भाऊ, ते जनावर डावीकडून चालत आलं होतं, सगळं थिएटर ओरडत होतं. ते मास्टरला तेलाचं फडकं गुंडाळत होते. गुंडाळून झालं, पेटी बंद केली, मग बोलले.

"मोतीबिंदू आहे, ताई. वडिलांना होता तस्साच. पिकू द्यायचा, मग काढायचा."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"त्यात डॉक्टरला काय विचारायचं? वडिलांचा मी जवळून बघितलाय ना. असंच अंधारून यायचं त्यांना."

आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. वडिलांचा मोतीबिंदू पिकायला तीन वर्षं लागली. घाई करायची नाही, कच्चा काढला की डोळा जातो, असं गावातली सगळी म्हातारी माणसं म्हणायची. मग शिबिरात ऑपरेशन झालं आणि म्हातारा दुसऱ्या आठवड्यात तांदळातले खडे वेचायला बसला. भाऊंनी आपला आजार वडिलांच्या आजाराशी लावून बघितला होता आणि हुबेहूब म्हणून पास करून टाकला होता. नोकरीची अजून बरीच वर्षं राहिली होती. प्रज्ञाचं नर्सिंगचं शिक्षण चालू होतं. डोळ्यात दोष आहे म्हटल्यावर इन्स्पेक्शनला कोण ठेवील, स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवतील, म्हणाले. पिकला की पंधरा दिवस रजा टाकतो आणि नवा होऊन येतो. तोवर फक्त तुम्ही आकडे वाचा आणि कुणाला बोलू नका.

मला ते पटलं. लिहिताना लाज वाटते, पण पटलं. माझ्या आजोळीही मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसलेले लोक मी पाहिले होते. आणि खरं सांगायचं तर ज्या माणसाच्या शब्दावर ट्रक थांबायचे तो माझ्यावर विसंबतो आहे, याचा मला थोडा मोठेपणाही वाटला.

पुढचे दहा महिने आमचं बिनबोभाट चाललं. मी रेघा वाचून पुटपुटायची, ते मोठ्याने आकडा बोलायचे. कुणी खोलीत आलं तर त्यांना वाटायचं भाऊ सांगतात आणि मी लिहिते, सोळा वर्षं चाललंय तसंच. ते अंगठ्याच्या नखाने पृष्ठभाग चाचपायचे आणि नख अजून चुकत नव्हतं. चुकीचा एकही जॉब बाहेर गेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कंपनीचं काडीचं नुकसान झालं नाही. जे झालं ते त्यांचं एकट्याचं झालं.

मी मधूनमधून विचारायची, पिकला का? होत आलाय, म्हणायचे. जिन्याची शेवटची पायरी त्यांना सापडेना. चहा कपाच्या बाजूला ओतला गेला. मी दोनदा म्हटलं, एकदा दाखवून तर या. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते चिडले, आणि चिडले की देवळ्याकडचं बोलायचे.

"तुमले सांगं ना मी, पिकू द्या!"

सोळा वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले होते. मी पुन्हा विषय काढला नाही. मला राग आला होता म्हणून नाही, तर आता सांगितलं तर इतके महिने मी का गप्प बसले, असं सगळे मला विचारतील, म्हणून.

कंपनीत दरवर्षी सगळ्यांची तपासणी होते आणि इन्स्पेक्शनवाल्यांचे डोळे बघतात. वर्षानुवर्षं तोच इंग्रजी अक्षरांचा तक्ता, त्याच भिंतीवर. भाऊंना तो पाठ होता. मीच एका जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडून तो दोनदा म्हणून घेतला होता, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. म्हणून झाल्यावर आम्ही दोघं हसलो होतो.

त्या वर्षी डॉक्टरीणबाई नव्या आल्या होत्या. शॉपमधल्या बऱ्याच जणांना इंग्रजी अक्षरं धड येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मराठी अक्षरांचा तक्ता आणून लावला. मी रक्तदाब मोजून घ्यायला त्याच खोलीत बसले होते, दंडाला पट्टा बांधलेला. तक्ता मी बघितला तेव्हा भाऊंच्या पुढे रांगेत दोन माणसं होती. दोन माणसांचा वेळ माझ्याकडे होता. खोलीत दहा-बारा लोक होते. काय बोलावं, कसं बोलावं, हे मला सुचेना, आणि तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला, छाती ताठ केली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड." भिंतीवर सगळ्यात वर वीतभर मोठा 'ग' होता. रांगेतलं कुणीतरी हसलं, भाऊ चेष्टा करतात असं वाटून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, नीट बघून पुन्हा सांगा. भाऊंना वाटलं असावं की आपण एखादं अक्षर चुकलो. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणखी मोठ्याने, आणखी भरभर, आणि कुणी थांबवेना म्हणून तसेच शेवटच्या ओळीपर्यंत गेले. आता कुणी हसत नव्हतं.

"भाऊ," निखिल म्हणाला, "मराठी अक्षरं आहेत."

भाऊंनी हात खाली घेतला. उजव्या डोळ्याने त्यांना तक्ता थोडाफार दिसला असावा. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मान वळवून खोलीत मला शोधलं. मी त्यांच्या अगदी बाजूला बसले होते. त्यांची नजर माझ्यावरून दोनदा गेली आणि त्यांना मी सापडले नाही.

मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. तो पिकत नाही, दुखत नाही, नुसता कडेकडेने नजर खात येतो, आणि खाल्लेलं परत मिळत नाही. डावा डोळा संपला होता, उजव्यात मधोमध नाण्याएवढं दिसणं उरलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात शोभावहिनी मला भेटल्या. बिचाऱ्या पायरीवर बसून होत्या, पदर तोंडाला लावून.

"तुमना भाऊ घरमा कधी काही बोलस नही," त्या म्हणाल्या. मग माझ्यासाठी म्हणून शहरातलं बोलू लागल्या. "डॉक्टर म्हणतात, वर्षभर आधी आणलं असतं तर थेंबांवर बरंच टिकलं असतं. ताई, तुम्ही दिवसभर त्यांच्याजवळ बसायच्या. तुम्हाला काहीच दिसलं नाही का हो?"

"नाही," मी म्हणाले. "नाही वहिनी. काहीच नाही."

भाऊंनी माझं नाव कुणालाही सांगितलं नव्हतं, घरीही नाही आणि साहेबांसमोरही नाही. आकडे कोण वाचायचं असं विचारल्यावर ते म्हणाले होते की अंदाजाने बोलायचो. सोळा वर्षांत त्यांनी एक आकडा अंदाजाने बोललेला नव्हता. स्वतःच्या कामाला त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने लाल टॅग लावला, आणि मी तो लावू दिला.

कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवायची तयारी दाखवली. ते गेले नाहीत, राजीनामा दिला. ऑपरेशन झालं, ते लागू पडलं नाही. तीनेक महिन्यांनी मी सिडकोतल्या त्यांच्या घरी गेले तेव्हा प्रज्ञाने टीव्हीवर डायनासोरचा पहिला भाग लावला होता, बाबांना बरं वाटावं म्हणून. भाऊ टीव्हीच्या पुढ्यात कान देऊन बसले होते. जनावराचा आवाज आला तसं त्यांनी तिला बंद करायला सांगितलं. ती आत गेली.

"मला वाटायचं बाहेरचं गेलं तरी ते आत राहील," ते म्हणाले. "तोंडपाठ होतं मला ते कातडं. काल रात्रीपासून आठवतोय. मानेखालच्या घड्या किती होत्या, चार का पाच, तेच लागत नाही. पापणी वरून मिटायची का खालून, तेही नाही. आता बसून काय करायचं, ताई? लावून बघायला पहिलाच राहिला नाही."

पापणी खालून वर मिटायची, हे मला त्यांनी पन्नासदा सांगितलं होतं. मी ते त्यांना सांगितलं. ते हो म्हणाले, पण ऐकीव गोष्टीला म्हणावं तसं. पुढच्या महिन्यात निखिल भेटून आला आणि म्हणाला की आता उजेड तेवढा कळतो, बाकी काही नाही.

त्यानंतर मी एकदाच गेले. या वेळी वहिनींना सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. दुपारची वेळ, घराचं दार उघडं, वहिनी कुठे दिसेनात, विहारात गेल्या असाव्यात. भाऊ अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून लसूण सोलत होते. शर्टाचं एक बटण चुकून खालच्या काजात गेलेलं होतं. सोललेल्या पाकळ्या ताटात पडत होत्या आणि काही ताटाबाहेर पडत होत्या.

मी गेट उघडून दोन पावलं आत गेले. त्यांचे हात थांबले.

"कोण?"

मी बोलायला तोंड उघडलं.

"प्रज्ञा? शोभा, आलीस का?" त्यांनी चेहरा वर केला, माझ्या थोडं डावीकडे, आणि वाट बघितली. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. "वैशालीताई?"

माझ्यात आणि त्यांच्यात चार हातांचं अंतर होतं. हो म्हटलं की ते आत बोलावतील, चहाचं विचारतील, वहिनी येईपर्यंत थांबा म्हणतील, आणि वहिनी आल्या की मला ते बोलावं लागेल. ते हसू मला बघवत नव्हतं. मी श्वास रोखून उभी राहिले. तशी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं, आणि कुणी नाही, असं स्वतःशीच म्हणून ते पुन्हा ताटात पाकळ्या चाचपू लागले.

मी मागे सरकत बाहेर आले, वाजू नये म्हणून गेटची कडी बोटाने दाबून लावली, आणि बसस्टॉपकडे चालू लागले.